खांदेरीचा दिवा



सकाळपासून सगळ्यांनी आपापली प्रगती सांगितली. आता माझी सांगते. गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये संपलं. चार महिने मी आईलाही कळू दिलं नाही.

मग आपल्याच वर्गातल्या दोघी मला ओढून अलिबागजवळच्या थळला घेऊन गेल्या. तिथून होडीने खांदेरी. आपली सहावीची सहल आठवते ना? देहूरोडहून लोकलने मळवली आणि तिथून चालत लोहगड. 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा किल्ले गेले, त्यांत लोहगडाबरोबर खांदेरीही आहे.

1679 मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना आणि सिद्दीला कसा चालेल? इंग्रजांनी जहाजं आणून वाट अडवली. मायनाक भंडारींच्या माणसांनी रात्रीच्या अंधारात छोट्या होड्यांतून सामान पोचवलं, पण काम थांबू दिलं नाही.

पुढे आंग्र्यांचं आरमार आलं, काळाबरोबर गेलंही. तोफांचं काम संपलं. बेटाचं मात्र संपलं नाही. 1867 मध्ये तिथे दीपस्तंभ उभा राहिला. ज्या खडकाचा जहाजांना धाक होता, तोच त्यांना मुंबईची वाट दाखवू लागला. 1998 मध्ये बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं.

प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप वेगळी असते. किती सेकंदांनी, किती वेळा, हे मोजून खलाशी ओळखतो की हा अमुक दिवा. मी मात्र माझी ओळख गळ्यातल्या आयकार्डावर ठेवली होती. ते परत केल्यावर मी कोण, हेच मला सांगता येईना.

सध्या चाकणच्या एका छोट्या कारखान्यासाठी यंत्रांच्या देखभालीचं सॉफ्टवेअर लिहिते. पगार निम्मा आहे, झोप पूर्ण आहे. आईलाही सांगून झालंय.

एकच विनंती. आपल्यापैकी कोणावर अशी वेळ आली, तर माझ्यासारखे चार महिने गप्प बसू नका. ग्रुपवर लिहा. थळपासूनचं होडीचं भाडं माझ्याकडे लागलं!