सुटकेनंतरचा रस्ता

(मिशनच्या वार्षिक सभेत, बाल संरक्षण अधिकारी म्हणून काम करणाऱ्या एका भगिनीने केलेले भाषण. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून गावांची व माणसांची नावे दिलेली नाहीत.)



पाळकसाहेबांनी माझी ओळख करून देताना सांगितले, की या भगिनीने पुष्कळ मुलांची सुटका केली. ते प्रेमापोटी तसे बोलले. पण आज मी तुम्हांला अशा एका मुलाविषयी सांगणार आहे, ज्याची सुटका आम्हांला दोनदा करावी लागली. एकाच मुलाला दोनदा सोडवावे लागते, तेव्हा पहिल्या वेळी कोणाचे तरी चुकलेले असते. त्यात माझी चूक होती, आणि तीच सांगायला मी उभी आहे.

आधी माझ्या कामाविषयी थोडेसे. जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बाल विकास विभागाचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. तिथे मी काम करते. पाड्यावर गेले की कोणी मला पोलीस समजते, कोणी अंगणवाडीच्या बाई. मी दोन्ही नाही. बाल न्याय कायदा, 2015 असे सांगतो, की संकटातले मूल सापडले की प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यायचे. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मूल घरी जाईल की बालगृहात, हे समिती ठरवते. तिला ते ठरवता यावे म्हणून आम्ही मुलाच्या घरी जातो, चौकशी करतो, अहवाल लिहितो. मूल घरी गेल्यावर ते कसे आहे हे पाहणेही आमचेच काम.

तर हा मुलगा. कातकरी समाजातला. वय सुमारे दहा. सुमारे म्हणते, कारण जन्माची नोंद नव्हती. दिवाळीनंतर कोणीतरी 1098 या क्रमांकावर फोन केला, की माळावर एक लहान पोर एकटेच मेंढरे राखते आहे, त्याच्या पायाला जखम आहे. आम्ही पोलिसांना बरोबर घेऊन गेलो. अंगात मोठ्या माणसाचा सदरा, हातात काठी, घोट्यापाशी चिघळलेली जखम. मी त्याला विचारले, "घरी जायचं का?" तो म्हणाला, "मेंढरं कोण बघंल?"

त्याला समितीपुढे नेले. दवाखान्यात जखम धुतली. बालमजुरीच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. महिनाभर तो बालगृहात राहिला. मग वडिलांना बोलावून, त्यांच्याकडून लिहून घेऊन, मुलगा ताब्यात दिला. मी अहवालाच्या शेवटी लिहिले, "बालकाचे कुटुंबात पुनर्वसन झाले." खाली सही केली. त्या दिवशी मी समाधानाने घरी गेले, हे कबूल करते.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तोच मुलगा दुसऱ्या माळावर, दुसऱ्या मालकाच्या मेंढरांमागे सापडला.

मला राग आला तो त्याच्या बापाचा. त्याच रागात मी पाड्यावर गेले. बाप कुडाच्या भिंतीला टेकून बसला होता. माझे सगळे बोलणे त्याने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पोरगा तुम्ही आणला, ताई. पण उचल कोण फेडणार?"

तीन हजार रुपये आणि एक मेंढी, एवढ्यावर मुलगा गेला होता. पैसे आजारपणात संपले होते, मेंढी मरून गेली होती. मुलगा परत आल्यावर पहिल्या मालकाने उचलीसाठी तगादा लावला. ती फेडायला बापाने दुसऱ्याकडून उचल घेतली, आणि ती फिटावी म्हणून मुलगा पुन्हा गेला. मी मुलाला माळावरून आणले होते, पण ज्या कर्जापायी तो तिथे होता, त्याला हातही लावला नव्हता.

बंधुभगिनींनो, मला सगळ्यात जास्त लागले ते हे, की त्या बापाच्या प्रश्नाला उत्तर होते आणि मी ते त्याला दिले नव्हते. 1976 पासून आपल्या देशात वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे. वेठबिगारीला कारण झालेले कर्ज त्या कायद्याने संपते. फेडायचे उरतच नाही. उलट असे संपलेले कर्ज वसूल करणे हा गुन्हा आहे. एवढे एक वाक्य पहिल्या वर्षी मी त्या पाड्यावर बसून सांगितले असते, आणि प्रांतसाहेबांकडे एक अर्ज केला असता, तर त्या मुलाचे ते वर्ष वाचले असते. मी बालमजुरी पाहिली आणि तिच्यामागची वेठबिगारी पाहिली नाही.

ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. डहाणू-उंबरगावकडे लग्नगड्याची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या रकमेपायी नवराबायको दोघे जन्मभर राबत. 1945 साली वारली आदिवासी याविरुद्ध उठले. ती प्रथा गेली, पण उचल राहिली. आजही वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, उसाच्या फडावर कुटुंबेच्या कुटुंबे उचलीवर जातात. 2022 च्या सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली एक कातकरी मुलगी मरण पावली, तेव्हा थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन नेलेल्या मुलांची हकीकत सगळ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रात वाचली. ती बातमी वाचताना मला माझी सही आठवली.

दुसऱ्या वेळी आम्ही काम निराळ्या रीतीने केले. प्रांत कार्यालयात अर्ज दिला. बाल न्याय कायद्याचे 79 वे कलम मुलाला वेठीस धरून राबवणाऱ्यासाठी आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ते कलम गुन्ह्यात लावून घेतले. मुलाच्या नावाने मुक्ती प्रमाणपत्र मिळवले. तो एक साधा कागद आहे, पण तो हातात असल्याशिवाय वेठबिगारीतून सुटलेल्या माणसाला पुनर्वसनाची मदत मिळत नाही. त्या कागदासाठी आम्ही सात महिने फेऱ्या घातल्या. साहेब दौऱ्यावर, साहेबांची बदली, नवे साहेब, फाईल सापडत नाही. त्याच काळात जन्माची नोंद, जातीचा दाखला, आधार, बँकेचे खाते, रेशनकार्डात नाव अशी एकेक कामे केली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाला शोभेल त्या वर्गात त्याला बसवले. मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलासाठी घरी दरमहा 4,000 रुपयांचे साहाय्य मिळू शकते, त्याचा अर्ज भरला. तो मंजूर झाला आणि घरात पुन्हा उचल घेण्याची वेळ आली नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला टाळता आली नाही. त्या मुलाला आपली हकीकत पुन्हा पुन्हा सांगावी लागली. पोलिसांना, डॉक्टरांना, समितीला, प्रांत कार्यालयात, वकिलांना. पाचव्या वेळी त्याने माझ्याकडे पाहून विचारले, "ताई, परत पहिल्यापासून?"

हा प्रश्न मी तुमच्यासाठीही आणला आहे. आपल्या मंडळ्यांतून मला प्रेमाने विचारतात, "सोडवलेल्या मुलांचा एक फोटो द्या ना, पत्रकात छापू. एखाद्या मुलाला सभेत साक्ष द्यायला आणा, लोक मदत करतील." तुमचा हेतू चांगला आहे, हे मला ठाऊक आहे. पण बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमाने अशा मुलाचे नाव, फोटो, शाळा, पत्ता काहीही छापायला मनाई आहे. आणि कायदा नसता तरी मी आणले नसते. सहाव्या वेळी, व्यासपीठावर, पहिल्यापासून सांगायला त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

आणखी एक कठीण गोष्ट बोलते, राग मानू नका. गरीब घरचे मूल दिसले की आपल्याला लगेच वसतिगृह सुचते. वसतिगृहासाठी देणगीही लवकर जमते. त्या बापानेही मला म्हटले होते, "तुम्हीच ठेवा कुठेतरी." पण कायद्याने संस्था हा शेवटचा पर्याय आहे, आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी केल्याशिवाय चालत नाही. आईबाप जिवंत आहेत, त्यांचा मुलावर जीव आहे, अडचण फक्त दारिद्र्याची आहे, तर मुलाला घरापासून तोडायचे की दारिद्र्य निवारायचे? त्याची आई रोज संध्याकाळी वाटेकडे पाहत बसे, हे मी त्या घरी गेले तेव्हा पाहिले. बालगृहात बसून ते मला दिसले नसते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. जखमी माणसाला त्याने उचलले, तेल-द्राक्षारस लावला, हे आपल्याला आठवते. त्यापुढचे आपण घाईने वाचतो. त्याने त्याला उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, सकाळी उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले, आणि जास्त खर्च आला तर परत येईन तेव्हा देईन असे सांगितले. तो परत येणार होता. मी पहिल्या वेळी रस्त्यावरून उचलण्यापर्यंतच गेले आणि तिथेच सही करून मोकळी झाले.

म्हणून आज मी तुमच्याकडे सुटकेसाठी पैसे मागायला आलेली नाही. सुटकेला पोलीस आहेत, गाडी आहे. सुटकेनंतरच्या रस्त्याला माणसे कमी पडतात. मला चार गोष्टी हव्या आहेत.

पहिली, डोळे उघडे ठेवा. दिवाळीनंतर वर्गातले कोणते मूल दिसेनासे झाले, हे आपल्यातल्या शिक्षकांना सगळ्यांच्या आधी कळते. 1098 हा क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालू आहे.

दुसरी, गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच, अंगणवाडीताई, आशाताई, पोलीस पाटील यांना विचारा, शेवटची बैठक कधी झाली. नुसते विचारण्यानेही बैठक होते.

तिसरी, कागद. मूल जन्मले की 21 दिवसांत नोंद करायची असते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावे लागते. पाड्यावर सुवार्तेला किंवा औषधे घेऊन जाणाऱ्या आपल्या लोकांनी जन्माची नोंद झाली का, एवढे प्रत्येक घरी विचारावे.

चौथी, सोबत. तालुक्याच्या कचेरीत, कोर्टात या मायबापांबरोबर बसायला माणूस हवा. एस.टी.चे भाडे हवे, बुडालेल्या दिवसाची मजुरी हवी. जो येईल त्याचे नाव आधी समितीला कळवावे लागेल, पोलीस पडताळणी होईल. त्यात अपमान मानू नये, ते मुलांच्याच संरक्षणासाठी आहे. आणि हे लक्षात ठेवावे, की मुलाला काही पढवायचे नाही, काही विचारायचे नाही. फक्त शेजारी बसायचे.

तो मुलगा आता नववीत आहे. गणितात कच्चा, धावण्यात पहिला. त्याचा धाकटा भाऊही शाळेत जातो, त्याच्यावर कधी उचल घेतली गेली नाही. खटला मात्र अजून चालू आहे. वेठबिगारीतून सुटल्यावर तातडीची थोडी मदत मिळाली, पण पुनर्वसनाची मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली असते. ती अजून यायची आहे. मागच्या तारखेला आम्ही पहाटेच्या एस.टी.ने निघून अकराला कोर्टात पोचलो. दुपारी तीनला पुढची तारीख मिळाली. बापाची एक दिवसाची मजुरी बुडाली. येताना त्याने मला विचारले, "ताई, पुढच्या वेळी तुम्ही आहात ना?" मी हो म्हटले.

पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. त्या दिवसासाठी प्रार्थना करा. आणि आपल्यापैकी कोणी एकाने, सभा संपल्यावर मला भेटून, त्या दिवशी बरोबर येतो असे सांगावे, एवढी विनंती करते. पहाटेची एस.टी. साडेपाचला सुटते.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. सलाम.