सहा टाक्यांच्या तीन झाल्या

मागच्या बैठकीत गटातल्या दोघी माझ्याकडे हळूच आल्या आणि म्हणाल्या, "ताई, माशांच्या टाक्या आता झेपत नाहीत. पण बंद केल्या म्हटलं तर तुम्ही रागवाल." मला वाईट वाटलं. कारण टाक्या घ्या म्हणून सगळ्यांच्या मागे लागणारी मीच होते, आणि माझ्या स्वतःच्याही टाक्या मी तोवर कमी केलेल्या होत्या. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच. आज ते सांगते.

माझ्याकडे सहा टाक्या होत्या. सुरुवात एका टाकीने आणि दहा गप्पी माशांनी झाली. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि साधारण महिन्याला एक वेत असतं. बघता बघता तीन टाक्या गप्पींच्याच झाल्या. मग मोली आले, गोल्डफिश आले, एक फायटर आला. दोन टाक्या दोन फुटी, चार दीड फुटी. गावात मला 'सहा टाक्यांची बाई' म्हणायला लागले. खरं सांगते, मला ते आवडायचं.

पण आपला हा दुष्काळी पट्टा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत छप्पन्न लिटर पाणी मावतं. माझ्या सहा टाक्यांत मिळून दोनशे ऐंशी लिटर. दर आठवड्याला त्यातलं पाव पाणी बदलायचं म्हणजे सत्तर लिटर, जवळजवळ पाच हंडे. एप्रिलमध्ये टँकर सुरू झाला आणि शेजारच्या काकू एक दिवस म्हणाल्या, "माणसाला प्यायला नाही, आणि तू माशांना आंघोळ घालतेस होय?" त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, टाक्या कमी करायच्या. आणि घाई केली. गोल्डफिश एका मैत्रिणीच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात दिले, फायटर त्याच्या टाकीसकट पुतणीला दिला. रिकामी झालेली दोन फुटी टाकी, खडे, फिल्टरचे स्पंज, सगळं टँकरच्या पाण्याने खळखळून धुतलं. जुनं पाणी ओतून दिलं. आणि तिन्ही टाक्यांतले सत्तर गप्पी एकाच संध्याकाळी त्या चकाचक टाकीत सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी मासे वर येऊन तोंड उघडत होते. आठवडाभरात एकोणीस गेले. उरलेले वाचवायला रोज थोडं थोडं पाणी बदलावं लागलं. पाणी वाचवायला निघाले, आणि जास्तच लागलं.

चूक कुठे झाली ते तालुक्याच्या गावी माशांचं दुकान चालवणाऱ्या काकांनी समजावलं. माशांची घाण आणि उरलेलं खाद्य यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विष आहे. स्पंजात आणि खड्यांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात, ते त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांना घातकच, पण नायट्रेट थोडं असेल तर चालतं. मैत्रिणींनो, दह्याला विरजण लागतं ना, तसा जुना स्पंज हे टाकीचं विरजण आहे. टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. त्या पाण्याने धुऊन मी ते विरजणच मारून टाकलं. टाकीत ते नव्याने धरायला महिना-दीड महिना लागतो.

पुढे गटातल्या एका ताईंच्या चार टाक्यांच्या दोन केल्या, तेव्हा एकही मासा गेला नाही. ते कसं केलं ते सांगते. हवं तर लिहून घ्या.

आधी माशांची यादी करा. कोण कोणाबरोबर राहील ते बघा. गप्पी, मोली आणि प्लॅटी यांचं आपल्या जड पाण्यात एकमेकांशी जमतं. फायटर नर दोन असतील तर एकमेकांना फाडतात, आणि गप्पीच्या लांब शेपटीवरही तुटून पडतात. एंजल मोठा झाला की लहान गप्पी गिळतो. गोल्डफिश फार घाण करतो, त्याचं वेगळंच ठेवा. गप्पीत एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर मादीला दमवून टाकतात.

दोन-तीन आठवडे आधी सगळे मासे नीट बघा. अंगावर पांढरे ठिपके दिसले, पंख कुजलेले दिसले, तर ती टाकी मिसळू नका. जाळीही वेगवेगळी वापरा.

एका वेळी एकच टाकी रिकामी करा. तिचे मासे आणि तिचा स्पंज एकाच दिवशी हलवा. स्पंज वाळू देऊ नका, आणि धुवायचाच असेल तर टाकीच्याच जुन्या पाण्यात हलका पिळा. पुढची टाकी पंधरा दिवसांनी. मासे पिशवीत घेऊन पिशवी नव्या पाण्यावर वीस मिनिटं तरंगू द्या, मधून मधून वाटीभर पाणी त्यात घाला, मग जाळीने मासे सोडा. त्याआधी दगड आणि रोपं यांच्या जागा बदला, म्हणजे जुने मासे आपली जागा म्हणून नव्यांना हाकलत नाहीत. पहिले काही दिवस खाद्य कमी घाला. टँकरचं पाणी उघड्या बादलीत दिवस-दोन दिवस उन्हात ठेवूनच वापरा.

स्वतःला जपा. हात घालण्याआधी एअर पंपाचा प्लग काढा. भरलेली टाकी उचलू नका. छप्पन्न लिटर म्हणजे छप्पन्न किलो, वर काचेचं वजन. टाकी फुटते आणि कंबरही जाते.

आणखी एक. टाक्या कमी केल्या म्हणजे तेवढेच मासे दाटीने कोंबायचे नाहीत. पाणी कमी तर मासेही कमी. जादा मासे विका, द्या, पण विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका. टाकीत काच साफ करायला आणलेला सकर मासा उजनीसारख्या धरणात पोचला, आणि आज मच्छीमारांच्या जाळ्या फाडतो. डासांसाठी गप्पी सोडायचे असतील तर आरोग्यसेवकांना विचारूनच सोडा.

आज माझ्याकडे तीन टाक्या आहेत. एक गप्पींची, एक मोलींची, आणि एक दीड फुटी, पिल्लांसाठी आणि आजारी माशांसाठी. आठवड्याला अडीच हंडे पाणी लागतं, आणि बदललेलं पाणी वांग्यांना आणि कढीपत्त्याला घालते. औषध घातलेलं असेल तेवढं मात्र झाडांना घालत नाही. त्या काकू परवा वांगी घेऊन गेल्या. मासे मेले त्याचं मात्र अजून वाईट वाटतं.

म्हणून त्या दोघींना आणि तुम्हा सगळ्यांना सांगते, ओझं कमी केलं म्हणजे काम बुडवलं असं नाही. लपवू नका. येत्या बैठकीत ज्यांना टाक्या कमी करायच्या आहेत त्यांनी हात वर करा, आपण पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जाऊन करू. पहिला हात माझाच असेल.