रानडुक्कर कोणाचे?

आश्विन महिना सरत आला की शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत डोंगराच्या कडेची गावे रात्री अर्धवटच झोपतात. घरांची दारे लागलेली असतात. पण रानालगतच्या खाचरांत माणसांची जाग असते. कोठे माळ्यावरून विजेरीचा झोत करवंदीच्या जाळीवर फिरतो, कोठे पत्र्याचा डबा बडविला जातो, कोठे एखादा फटाका वाजतो आणि पुन्हा सारे शांत होते. हळवे भात या वेळी कापून झालेले असते, निमगरवे पिवळे पडत असते आणि गरव्याच्या लोंबीत दाणा भरत असतो. नेमक्या याच पंधरवड्यात रानडुकरांचे कळप खाली उतरतात.

रानडुक्कर खाते थोडे आणि नासते फार. कळप खाचरात शिरला की भात आडवे होते, बांध उकरला जातो, ओल्या जागी डुकरे लोळतात आणि लोंब्या चिखलात रुततात. दाणा तर जातोच. पण तुडविलेला पेंढा गुरेही खात नाहीत, म्हणजे वर्षाची वैरणही त्याबरोबर जाते. वरकस जमिनीवरची नाचणी आणि वरई यांची तीच गत होते. भात निघाल्यावर ओलीवर वाल पेरावा, तर पौषात पुन्हा तोच पाहुणा दारी उभा. याचे नाक मोठे तीक्ष्ण. रानातले करांदे तो ज्या कौशल्याने उकरून काढतो, त्याच कौशल्याने तो परसातले सुरणही शोधून काढतो. मादी एका वेतास चार-सहा पिल्ले सहज देते. वाघ या रानांतून गेला आणि बिबट्या राहिला आहे. पण भरल्या अंगाच्या नर डुकराच्या वाटेस बिबट्याही सहसा जात नाही.

असा हा प्राणी आहे कोणाचा? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. पण साऱ्या वादाचे मूळ त्यातच आहे. ज्याच्या शेतात तो चरतो त्याचा म्हणावा, तर त्यास हात लावण्याचा अधिकार शेतकऱ्यास नाही. सरकारचा म्हणावा, तर त्याचा चारा सरकारी कोठारातून येत नाही.

अमेरिकेतील टेक्सस संस्थानात या प्रश्नाचे उत्तर अगदी रोखठोक देण्यात आले आहे. तेथील बहुतेक सर्व जमीन खाजगी मालकीची. तेथले डुक्कर मूळचे त्या भूमीचे नव्हे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात अमेरिकेत आणलेल्या पाळीव डुकरांची रानात माजलेली संतती आणि पुढे शिकारीच्या हौसेखातर सोडलेली युरोपातली रानडुकरे, यांचा तो संकर आहे. जमिनीचा मालक शिकाऱ्याकडून दिवसाचे किंवा हंगामाचे पैसे घेतो आणि त्यास आपल्या रानात सोडतो. २०११ च्या कायद्याने तर हेलिकॉप्टरात बसून डुकरे मारण्याची जागाही पैसे देऊन विकत घेता येऊ लागली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची संमती असली की शिकाऱ्यास सरकारी परवानाही लागत नाही. उपद्रव तोच, पण त्याचे उत्पन्न झाले.

मग हेच शहापूर-मुरबाडात का होऊ नये, असे कोणासही वाटेल. मुंबई दूर नाही. कल्याण-वासिंद आगगाडी १८५५ साली सुरू झाली आणि १८६१ मध्ये ती कसाऱ्यास पोहोचली. तेव्हापासून मुंबईचा बंदूकवाला हौशी माणूस सकाळी निघून दुपारी माहुलीच्या पायथ्याशी उतरू शकत होता. मुरबाडास रेल्वे नाही, तरी टोकावडे किंवा धसई येथे मोटारीने पोहोचण्यास आज फार वेळ लागत नाही. हौशी माणूस पैसे देईल, शेतकऱ्याची नुकसानी भरून निघेल आणि डुकरेही कमी होतील, असा हा सोपा हिशेब दिसतो. तो चुकतो कोठे, ते पाहण्यासारखे आहे.

पूर्वीच्या काळी शिकारीचे मोल रुपयांत क्वचितच होई. ते ओळखीत आणि मेहेरबानीत होई. सरकारी राखीव जंगलात १९२७ च्या वन अधिनियमाखालील नियम लागू असत. खाजगी रानात मालकाचा शब्द चाले. सावकाराकडे किंवा जमीनदाराकडे कोणी अंमलदार पाहुणा म्हणून आला की आदल्या दिवशी पाड्यावर निरोप जाई. ठाकूर आणि कातकरी मंडळी पहाटे हाकाऱ्यास उभी राहत. रानाचा कोपरान् कोपरा त्यांच्या पायाखालचा. डुक्कर कोणत्या नाळेने निघेल हे पाहुण्यास कळत नसे, ते त्यांना कळे. दुपारी मांसाचे वाटे पडत आणि पाहुणा छायाचित्र घेऊन परत जाई. ज्याचे भात तुडविले गेले होते, तो कूळ या समारंभात बहुधा हाकारा म्हणूनच असे. उपकार मालकाचा, कष्ट कुळाचे. पण निदान मांसाचा एक वाटा त्याच्या घरी जाई, एवढे त्या व्यवस्थेच्या बाजूने म्हणता येईल. याहून अधिक म्हणणे कठीण.

ती व्यवस्था दोन कायद्यांनी संपली. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ रोजी कूळ कसत्या जमिनीचे मालक मानले गेले, आणि ३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्रातील खाजगी वने सरकारजमा झाली. ठाणे जिल्ह्यात खाजगी रानांचा पसारा मोठा होता, म्हणून या दुसऱ्या कायद्याचा परिणामही येथे मोठा झाला. टेक्ससातील मालकासारखा शेकडो एकर रान बाळगणारा माणूस मुरबाडात शोधावयाचा म्हटले, तर तो मुख्यतः वनखात्याच्या रूपानेच सापडेल.

शिकारीचा कायदाही बदलला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात आरंभी शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते काढून टाकण्यात आले आणि हौसेची शिकार देशभर संपली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकास किंवा जीवितास उपद्रव देणारे जनावर मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अंमलदार देऊ शकतो, ही अकराव्या कलमातील तरतूद मात्र कायम आहे. अशा परवानगीने मारलेले डुक्करही एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणे सरकारची मालमत्ता ठरते. म्हणजे ना मांसाचा वाटा, ना सुळा, ना विक्री. प्रवेशासाठी कोणाकडून पैसे घ्यावयाचे, तर विकण्यासारखे शेतकऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. जिवंत डुक्कर त्याच्या शेतात चरते. मेल्याबरोबर ते सरकारचे होते.

येथवर वाचून पुष्कळांना वाटेल की दोष कायद्याचाच आहे. तो सैल करावा म्हणजे झाले. परंतु टेक्ससाच्या शेजारपाजारचा अनुभव निराळे सांगतो. टेनेसी संस्थानाने १९९९ मध्ये डुकरांची शिकार सर्वत्र खुली केली. हेतू असा की बंदुका वाढतील आणि डुकरे घटतील. झाले उलटे. शिकारीस मागणी आली, तशी कोणीतरी डुकरे पकडून, गाडीत घालून नव्या नव्या रानांत नेऊन सोडू लागले, आणि जी डुकरे मोजक्या मुलखात होती ती संस्थानभर पसरली. अखेर २०११ मध्ये तेथील सरकारला ती मोकळीक मागे घ्यावी लागली. ज्या वस्तूस भाव येतो ती वस्तू कोणी संपू देत नाही. आंब्याचे झाड आणि रानडुक्कर यांत या बाबतीत भेद राहत नाही.

शहापूर-मुरबाडात या अनुभवास आणखी एक धार येते. येथे जमीन धरणारे आज दोन तऱ्हेचे आहेत. एक तो, ज्याची दहा-वीस गुंठ्यांची खाचरे आहेत आणि जो ती स्वतः कसतो. दुसरा तो, ज्याने शहरात राहून येथे जमीन घेतली, भोवती तारेचे कुंपण घातले, फाटकावर नाव लावले आणि मग वर्षानुवर्षे तिकडे पाहिले नाही. त्या पडीक तुकड्यात गवत माजते, घाणेरी आणि करवंद यांच्या जाळ्या होतात, आणि दिवसा डुकरांना दडण्यास याहून उत्तम जागा नाही. राखीव रान मैलभर दूर असले तरी डुक्कर आता बांधापलीकडे राहते. डुक्कर दिवसा एकाच्या जमिनीत निजते आणि रात्री दुसऱ्याच्या जमिनीत जेवते. शिकारी जातो तो जाळीकडे, कारण डुक्कर तेथे मिळते. तेव्हा उद्या प्रवेशाचे पैसे घेण्याची मुभा मिळाली, तर ते पैसे जाळीच्या मालकाला मिळतील, भाताच्या मालकाला नव्हे. आणि जाळी तोडण्याचे जे थोडेसे कारण आज त्याच्यापाशी आहे, तेही नाहीसे होईल. पडीक जमीन हेच उत्पन्नाचे साधन झाल्यावर ती साफ कोण करील?

म्हणून टेक्ससाचा मार्ग येथे मोकळा नाही, आणि तो नाही हे बरेच आहे. परंतु एवढे म्हणून हात झटकता येणार नाहीत. मार्ग बंद आहेत असे दिसले की माणसे आडवाटेने जातात. कोणी कुंपणात विजेची तार सोडतो, कोणी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब दडवितो. तार डुक्कर आणि माणूस असा भेद करीत नाही. पहाटे पाण्यावर निघालेला शेजारीच तिला प्रथम लागावयाचा. बॉम्ब तर कुत्र्याच्या, गाईच्या, क्वचित लेकराच्याही तोंडी जातो. आणि खटला उभा राहिला की आरोपीच्या जागी बहुधा पाड्यावरचा गरीब माणूस दिसतो. मांस चोरून विकत घेणारा दिसत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असेही नाही. पीकनुकसानीबद्दल वनखात्याकडून भरपाई मिळते. वेळेत अर्ज आणि पंचनामा झाला पाहिजे, एवढी अट. परंतु अतिक्रमित वनजमिनीवरील पिकास ती नाही, आणि ज्यांचे दावे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली अजून मंजूर व्हावयाचे आहेत, त्यांची खाचरे तर रानाच्या अगदी ओठावर. डुकराचा पहिला घास त्यांचा आणि भरपाईच्या कागदावर त्यांचे नावच नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उपद्रवी रानडुकरे आणि नीलगाई मारण्याच्या परवानगीची वाट मोकळी केली. त्या वाटेने २०१६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात पन्नासांहून अधिक डुकरे मारली गेली, तेव्हा दिल्लीत मंत्र्यामंत्र्यांतच जाहीर वाद झाला. पण त्यासाठी लागणारे बंदूकवाले दोन-चार डुकरांसाठी एखाद्या पाड्यावर कोण आणणार? शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय आहे. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. हे दोन कागद निरनिराळ्या कचेऱ्यांतून यावयाचे, आणि तोवर भात घरी येते किंवा जाते.

केरळने २०२२ मध्ये काढलेला तोडगा या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. तेथे डुक्कर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार गावच्या पंचायतीच्या प्रमुखाकडे आला. पंचायतीच्या नोंदीतील परवानाधारक बंदूकवाला येतो, त्यास मोबदला मिळतो, आणि मेलेले डुक्कर पुरून टाकावे लागते. त्याचे मांस कोणी नेत नाही. अन्न असे मातीत घालणे पाड्यावरच्या माणसाला पटणार नाही, आणि त्यात त्याचे चुकते असेही म्हणवत नाही. पण पैशाची दिशा पाहिली पाहिजे. टेक्ससात शिकारी मालकाला देतो. केरळात सरकार शिकाऱ्याला देते. पहिल्यात डुकरे असणे फायद्याचे, दुसऱ्यात नसणे फायद्याचे.

शहापूर-मुरबाडात असे काही करावयाचे, तर परवानगी तालुक्याच्या गावी नव्हे, गावातच आणि भात निसवण्यापूर्वी मिळाली पाहिजे. बंदूक बाहेरच्या पाहुण्याची असो की गावच्या परवानाधारकाची, वाट दाखविणाऱ्या ठाकूर-कातकऱ्यास रोख मजुरी मिळाली पाहिजे. पूर्वी ती मांसाच्या वाट्यात फिटे, आता तशी फिटणार नाही. आणि पडीक तुकड्यांच्या धन्यांना पावसाळा संपताच जाळी तोडण्याची नोटीस जावी. ते येत नसतील तर पंचायतीने ती तोडावी आणि खर्च त्यांच्याकडून वसूल करावा. फाटकावर नाव असतेच. पत्ता शोधावा लागणार नाही.