नारू गेला कसा?

देवास जिल्ह्यात नर्मदेच्या उत्तर तीरावर नेमावर हे गाव आहे. समोरच्या तीरावर हंडिया. नदीचे नाभिस्थान येथे आहे, असे भाविक मानतात. सिद्धनाथाचे प्राचीन मंदिर, त्याच्या पायथ्याशी वाहणारी नर्मदा आणि तिला उजव्या हाताशी ठेवून चालणारे परिक्रमावासी यांमुळे हे नाव महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांतही परिचित आहे. नेमावरला पाणी शोधत जावे लागत नाही. ते दाराशी वाहते. पण याच माळव्याच्या पश्चिमेस, धार आणि झाबुआ जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात, पाण्याची स्थिती निराळी होती. तेथील कित्येक वस्त्या पायऱ्यांच्या विहिरींवर आणि साचलेल्या डबक्यांवर तहान भागवीत. त्या पाण्याबरोबर एक रोग घरोघर जात असे. त्या रोगाचे नाव नारू.

आज चाळिशीच्या आत असलेल्या श्रोत्यांपैकी बहुतेकांनी नारू पाहिलेला नसेल. ही मोठ्या भाग्याची गोष्ट आहे. परंतु हे भाग्य आकाशातून पडलेले नाही. ते माणसांनी कष्टाने मिळविले आहे. देवी हा रोग गेला तो लशीने गेला. नारूवर मात्र लसही नव्हती आणि त्याला शरीरात मारील असे औषधही नव्हते. तरीही तो गेला. तो कसा गेला, हे आज आपल्याला सांगावयाचे आहे. कारण सगळ्याच संसर्गजन्य रोगांविषयीचा एक मोठा धडा त्यात आहे.

नारू हा एक कृमी. त्याची मादी सुतळीसारखी बारीक, परंतु लांबीने दोन फुटांपासून तीन फुटांहून अधिक भरते. माणसाच्या शरीरात ती जवळजवळ वर्षभर गुपचूप वाढते. त्या काळात रोग्याला काही कळत नाही. मग एके दिवशी पायावर, बहुधा घोट्याच्या आसपास, एक फोड येतो. त्याची विलक्षण आग होते. फोड फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखे कृमीचे टोक डोकावू लागते.

पायाची आग होत असली की माणूस काय करतो? थंड पाण्यात पाय बुडवितो. श्रोतेहो, या रोगाचे सारे कपट याच ठिकाणी आहे. पाय पाण्यात गेला की ती मादी आपली लक्षावधी पिले त्या पाण्यात सोडते. ही पिले इतकी सूक्ष्म असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. संथ पाण्यात सायक्लॉप्स नावाचे पिसवेएवढे लहान जीव असतात. ते या पिलांना गिळतात. सुमारे पंधरा दिवसांत पिले सायक्लॉप्सच्या पोटातच वाढून रोग देण्याइतकी तयार होतात. पुढे कोणी तेच पाणी घागरीत भरून नेते आणि घरातली माणसे ते पितात. पोटातल्या पाचकरसाने सायक्लॉप्स मरतो, पण नारूचे पिलू मोकळे होते, आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते, आणि वर्षाने पुन्हा कोणाच्या तरी पायावर फोड येतो.

हे चक्र पूर्ण होण्यास माणूस, सायक्लॉप्स आणि साचलेले पाणी या तिन्ही गोष्टी लागतात. सायक्लॉप्सचा यातील वाटा रशियन शास्त्रज्ञ फेदचेंको याने १८७० च्या सुमारास तुर्कस्तानच्या मुलखात ओळखला. त्याआधी हजारो वर्षे माणसे या रोगाने तळमळत होती. इजिप्तमधील एका ममीतही या कृमीचे अवशेष सापडले आहेत. दुःख जुने होते, पण त्याची वाट कोणालाच ठाऊक नव्हती. कोणी त्याला रक्तातला दोष म्हणत, तर कोणी दैवाचा कोप.

उपचार म्हणाल तर एकच, आणि तोही पुरातन. कृमीचे टोक बाहेर आले की ते एका काडीला गुंडाळावयाचे आणि रोज थोडेथोडे, अगदी बोट-दोन बोटे ओढून घ्यावयाचे. या कामी आठवडेच्या आठवडे जात. घाई केली आणि कृमी आतच तुटला, तर पाय सुजे, पू होई, कधी धनुर्वातही होई. जखम स्वच्छ ठेवणे, पट्टी बांधणे आणि धीर धरणे एवढेच वैद्याच्या व डॉक्टरच्या हाती होते. आणि एवढे सोसूनही सुटका नव्हती. कारण एकदा नारू झाला म्हणून पुढच्या वर्षी तो होणार नाही, अशी प्रतिकारशक्ती या रोगात येत नाही.

शिवाय हा रोग जीव क्वचितच घेई, पण पाय हिरावून घेई. शेतकऱ्याला नेमका हंगामात अंथरुणावर पाडी. बाप निजला की मुलाची शाळा सुटे, आणि आई निजली की सगळे घर निजे. म्हणून नारूला केवळ शरीराचा रोग म्हणता येत नाही. तो दारिद्र्याचा सोबती होता.

आता तो गेला कसा ते पाहू. भारत सरकारने १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. १९८४ साली देशात सुमारे चाळीस हजार रुग्ण आढळले. मध्य प्रदेश, राजस्थान, महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या राज्यांत ते विखुरलेले होते. औषध नसल्यामुळे कार्यकर्त्यांना रोग्याच्या शरीरात काही करता येण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांनी रोगाच्या वाटेवर पहारा बसविला.

पहिला पहारा रोग्यापाशी. आरोग्यसेवक घरोघर जाऊन फोड आलेला माणूस शोधीत, जखमेला पट्टी बांधीत आणि पाण्यात पाय घालू नका म्हणून विनवीत. दुसरा पहारा विहिरीपाशी. पायऱ्यांच्या विहिरीत पाणी भरणारा माणूस पाण्यात उतरतो. म्हणजे गावाचे पाय आणि गावाचे पिण्याचे पाणी यांची तेथे रोज गाठ पडते. अशा विहिरींच्या पायऱ्या बंद करून वर कठडा बांधण्यात आला आणि दोराने पाणी शेंदण्याची सोय झाली. जेथे शक्य तेथे हातपंप बसले. राजस्थानात तर आदिवासी स्त्रियांना हातपंप दुरुस्त करण्याचे शिक्षण देण्यात आले, आणि पाना हाती घेतलेल्या त्या स्त्रियांनी ते काम उत्तम रीतीने चालविले. तिसरा पहारा पाण्यातच. सायक्लॉप्स मरावेत म्हणून टेमेफॉस नावाचे द्रव्य ठराविक प्रमाणात विहिरीत टाकीत. आणि चौथा पहारा घागरीच्या तोंडाशी. दुपदरी, घट्ट विणीच्या फडक्यातून पाणी गाळले की सायक्लॉप्स वरच राहतो आणि त्याच्या पोटातला नारूही वरच राहतो.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला. त्यानंतरही कित्येक वर्षे शोध चालू राहिला. रुग्ण दाखवून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. अखेर फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. जगाकडे पाहिले तर १९८६ साली सुमारे पस्तीस लाख लोकांना हा रोग होत असावा, असा अंदाज होता. २०२४ साली सबंध जगात मनुष्यांमध्ये फक्त पंधरा रुग्ण नोंदले गेले, आणि तेही आफ्रिकेतील चाड आणि दक्षिण सुदान या देशांत. तेथे कुत्र्यांनाही हा कृमी होऊ लागल्यामुळे शेवटची मजल अवघड झाली आहे. शत्रू थोडा उरला म्हणून लढाई संपली, असे होत नाही.

या कथेतून पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की रोगी हा अपराधी नव्हे. ज्या माणसाने आग शमविण्यासाठी पाण्यात पाय घातला, त्याच्याच पायातून गावाला रोग झाला हे खरे. पण त्याला ते ठाऊक नव्हते. त्याला हिणवले असते तर त्याने फोड लपविला असता, आणि लपविलेला रोग अधिक पसरला असता. जो सेवक आधी पट्टी बांधी आणि मग उपदेश करी, त्याचेच लोक ऐकत. क्षयाच्या, कुष्ठाच्या किंवा अन्य कोणत्याही सांसर्गिक रोगाच्या बाबतीत ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक रोगाची वाट निराळी असते; म्हणून वाट ओळखल्यावाचून उपाय करू नये. येथे आपण पुन्हा नेमावरच्या घाटाकडे येऊ. वाहत्या नदीत नारूला थारा नाही, त्याला साचलेले पाणी लागते. यावरून कोणी म्हणेल की वाहते पाणी सदा निर्मळ. तसे नाही. पटकी, विषमज्वर, हगवण आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ यांचे जंतू आणि विषाणू माणसाच्या मळातून पाण्यात जातात, आणि त्यांना वाहत्या पाण्याचे वावडे नाही. वरच्या गावाची घाण खालच्या गावाच्या तांब्यात यायला तेवढा प्रवाह पुरेसा असतो. यात्रेला माणसे लोटतात तेव्हा तर हा धोका अनेक पटींनी वाढतो. नर्मदेचे जल मस्तकी लावणे ही श्रद्धेची बाब आहे आणि तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तेच पाणी लेकराला पाजावयाचे असेल तर आधी त्याला चांगली खळखळून उकळी फुटू द्यावी, अथवा क्लोरीनची गोळी सांगितलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. यात श्रद्धेला बाध येत नाही. ज्या नदीला आपण आई म्हणतो, तिच्या काठी शौचास न बसणे हीदेखील पूजाच आहे.

मग फडक्याचा येथे काही उपयोग नाही काय? थोडा आहे, आणि त्याची हकीकत मनोरंजक आहे. पटकीचे जंतू फडक्याच्या छिद्रांतून सहज निसटण्याइतके लहान असतात. परंतु नदीतळ्यांत ते पुष्कळदा सायक्लॉप्सच्याच कुळातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात. हे जाणून रीटा कोलवेल या अमेरिकन विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागात खेड्यापाड्यांतील स्त्रियांना जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या करून पाणी गाळण्यास सांगितले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. नव्या वस्त्रापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेले जुने वस्त्र अधिक उपयोगी पडते, असेही दिसले. कारण त्याचे धागे पिंजून छिद्रे लहान होतात. आपल्या आज्या घागरीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचे फडके बांधीत, ते उगीच नव्हे. परंतु निम्मे म्हणजे सगळे नव्हे, हेही विसरू नये. गाळणे ही पहिली पायरी. उकळणे ही दुसरी.

तिसरी गोष्ट उपचाराची. इतके करूनही घरात कोणाला पटकी किंवा जोराची हगवण लागली, तर माणूस प्रामुख्याने दगावतो तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी उसळली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा मिसळलेले पाणी पिंपांत भरून ठेविले व नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजविले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चारच्याही खाली आले. हेच ते जीवनदायी पाणी. त्याची तयार पुडी आरोग्य केंद्रात मिळते. ती जवळ नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ अधिक होऊ देऊ नये. ते घोटघोट, पुन्हा पुन्हा द्यावे; ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून परत द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तोडू नये. मात्र डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडले, शौचातून रक्त आले किंवा तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले, तर हे पाणी वाटेत पाजीत पाजीत रोग्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

मी शाळामास्तर आहे, म्हणून शेवटी एक सूचना शिक्षकांसाठी करतो. नारूचे चक्र मुलांना फळ्यावर काढून दाखवावे आणि विचारावे, "हे कोठे कोठे तोडता येईल?" कोणी पायाकडे बोट दाखवील, कोणी विहिरीकडे, कोणी फडक्याकडे. मग त्याच मुलांना आपल्या गावच्या पाण्याची वाट काढावयास सांगावी. ते कोठून येते, वाटेत त्यात काय काय मिसळते आणि पेल्यापर्यंत कसे पोहोचते, हे त्यांनीच शोधावे. एकेक मूल घरी जाऊन आपल्या माठावर झाकण आहे की नाही आणि पाणी काढण्यास लांब दांड्याचा ओगराळा आहे की नाही, हे पाहील. तेवढ्याने धड्याचे सार्थक होईल.

औषध नसतानाही एक रोग या देशातून हद्दपार झाला. ज्या रोगांवर औषध आहे आणि ज्यांची वाटही आपल्याला ठाऊक आहे, त्यांनी अजून आपली लेकरे न्यावीत, याला मग कोणतीच सबब उरत नाही.