जळका दाणा आणि कोरा रकाना
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. त्यातलं तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून मी तो बदलून मागितला. आज मी जळक्या धान्याबद्दल बोलणार आहे.

वाळूजहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की गोदावरी ओलांडल्यावर नेवासा येतं. आपल्याला ते ज्ञानेश्वरीमुळे माहीत. तिथेच १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी खोदलं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला तर १९६८ पासून दीड दशक काम चाललं. या तिन्ही गावांतल्या प्राचीन धान्याचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या डॉ. एम. डी. काजळे यांनी केला.

इतकी वर्षं दाणा टिकतो कसा? पुरेशी हवा न मिळता भाजला, तर त्याचा कोळसा होतो. कोळशाला कीड लागत नाही, तो कुजत नाही. खोदलेली माती पाण्यात ढवळली की हे हलके दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीत धरायचे, सावलीत वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखायचा. कुळीथ की मूग, सातू की गहू, हे ठरवण्यात महिने जातात. आणि एकदा खोदलेली जागा पुन्हा खोदता येत नाही. उरतात ते दाणे आणि त्यांचे आकडे.

माझी एक मैत्रीण हा विषय शिकवते. तिने मला एका जुन्या अहवालातल्या कोष्टकाचा फोटो पाठवला आणि म्हणाली, “हे जरा एक्सेलमध्ये भरून दे गं, तुझं तर रोजचंच काम.” मला वाटलं, तासाभराचा मामला. चार रविवार गेले. एका रकान्यात १२, दुसऱ्यात ‘पुष्कळ’, तिसऱ्यात ‘थोडे’, आणि कित्येक रकाने कोरे. कोरा म्हणजे दाणा सापडला नाही, की त्या थरातली माती धुतलीच नाही? आमच्या धंद्यात शून्य आणि कोरं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हे मी कॉलेजात नाही, याच शाळेत शिकले. बाईंच्या हजेरीपटात ‘ह’ नाहीतर ‘गै’ असायचं. रकाना कोरा ठेवलेला त्यांना खपायचा नाही.

यात एवढं काय अडतं, तर इनामगावचं बघा. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० अशी ती वस्ती. शेवटच्या टप्प्यात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, गहू कमी झाला. त्यावरून म. के. ढवळीकर यांनी मांडलं की पाऊसमान घटलं आणि शेतकरी पुन्हा भटक्या पशुपालनाकडे वळले. पुढच्या अभ्यासकांनी यावर शंका घेतल्या. तुम्हा-आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हा वाद परका नाही. दुष्काळ आभाळातून आला की माणसाच्या शेतीतून, हे आपण आजही भांडतो. पण गहू खरोखर घटला की त्या थरातली माती कमी धुतली गेली, हे तपासायचं तर कुठल्या खड्ड्यातली किती लिटर माती धुतली आणि त्यात काय-काय निघालं, ही नोंद नमुन्यागणिक हवी. नुसती टक्केवारी पुरत नाही.

दुसरी गोष्ट भाकरीची. ज्वारी आणि बाजरी मूळ आफ्रिकेतल्या. त्या आपल्याकडे कधी आल्या? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले डोरियन फुलर यांनी २००३ मध्ये आफ्रिकी पिकांचे भारतातले जुने दावे तपासले. अनेक दावे त्यांना बाजूला ठेवावे लागले. कुठे चित्र आणि मोजमाप छापलेलं नव्हतं, कुठे नाचणी म्हणून नोंदवलेला दाणा इथल्याच दुसऱ्या बारीक धान्याचा निघाला. ओळख चुकणं समजू शकतं, काळा कोळसाच तो. पण फोटो आणि माप सगळ्यांसमोर असेल तर दुसरा कुणी ती दुरुस्त तरी करतो.

हे दुखणं फक्त आपलं नाही. लिसा लॉडविक या ब्रिटिश संशोधिकेने २०१९ मध्ये १६ नियतकालिकांतले २३९ लेख तपासले ते हेच पाहायला, की प्राचीन वनस्पतींचे मूळ आकडे लोक देतात का आणि कसे. कित्येक लेखांत ते नव्हते. असले तरी पुष्कळदा छापील पानासारखे, यंत्राला वाचता न येणारे. चार रविवार घालवल्यामुळे मला याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

मैत्रिणीला मी विचारलं, सगळं खुलं का करत नाही तुम्ही लोक? ती जरा चिडलीच. म्हणाली, “उन्हातान्हात दहा वर्षं मी मोजायचं आणि कुणीतरी एका दुपारी उतरवून घेऊन नाव करायचं?” तिचं चूक नाही. आमच्या क्षेत्रात खुल्या प्रणालीवर कोणी काय लिहिलं, याची ओळीओळीला नोंद राहते. तिच्या क्षेत्रात आकड्यांचा संच हेसुद्धा संशोधन मानून त्याला स्वतंत्र श्रेय आणि बढतीत गुण मिळाले, तरच लोक कपाटं उघडतील असं मला वाटतं. नुसत्या उपदेशाने कुलपं निघत नाहीत.

आता तुमच्याकडे एक मागणं. जळका दाणा ओळखायला आजचा दाणा शेजारी ठेवावा लागतो. मैत्रीण तसा संग्रह करते आहे आणि त्याचे फोटो, मापं सगळ्यांसाठी खुली ठेवणार आहे. आपल्यातले निम्मे अजून शेती करतात. कुणाच्या घरी संकरित वाणाआधीचा जोंधळा, बाजरी, हुलगा, मठ असं घरचं बी असेल, तर मूठभर द्या. पाकिटावर गाव, वाणाचं घरातलं नाव, पेरणीचा हंगाम आणि बी जपणाऱ्याचं नाव लिहा. बहुतेक ठिकाणी ते आईचं किंवा आजीचं असेल. त्यांची हरकत नसेल तर ते नावही नोंदीत राहील. मैत्रिणीने तसं कबूल केलंय. एखादी गोष्ट माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा, पण रकाना कोरा सोडू नका. पाकिटं मी आणली आहेत, जेवणाच्या मंडपात डाव्या हाताच्या टेबलावर ठेवते.