पेशीपासून कणसापर्यंत
(स्वागताध्यक्षीय भाषण)

परिषदेचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील शास्त्रज्ञ, इंदापूर-बारामतीचे आणि नदीपलीकडच्या माढा-माळशिरसचे शेतकरी बंधू-भगिनींनो, नीरा-भीमेच्या संगमावर, श्रीनृसिंहाच्या या क्षेत्री स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत.

टिश्यू कल्चर म्हटले की आमच्या भागात केळीची रोपे आठवतात, नाहीतर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे उसाचे बेणे. आजचा विषय तृणधान्यांचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मस्कारेन्हस, जगन्नाथन आणि सहकाऱ्यांनी मका, गहू, भात व ज्वारीच्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि १९७५ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केले. आपल्याच जिल्ह्यातले हे काम गावोगावी माहीत असायला हवे होते.

काम चिवट आहे. धान्यपिकाच्या जून पानातली पेशी सहसा विभागत नाही. म्हणून दाणा दुधात असतानाच त्यातला कोवळा गर्भ काढून पोषक माध्यमावर ठेवतात. त्या माध्यमात टू-फोर-डी असते. उसातले रुंद पानांचे तण मारायला आपण फवारतो, तेच. इथे मात्र लिटरला दोनेक मिलिग्रॅम पुरते. गर्भावर पिवळसर, दाणेदार गोळा वाढतो. पुढे टू-फोर-डी काढून उजेड दिला की त्यातून हिरवे कोंब फुटतात, मुळ्या सुटतात. ज्वारी मात्र इथे अडवते: तिच्या ऊतीतून तपकिरी द्रव झिरपतो आणि पेशी काळ्या पडतात.

धान्य बियांवर येते, मग हा खटाटोप कशाला? २०२५ साली केंद्र सरकारने ‘पुसा डीएसटी राईस १’ हा जनुक-संपादित भात जाहीर केला. दुष्काळ आणि क्षार सोसावेत म्हणून केलेला बदल आधी पेशीत झाला. त्या पेशीतून अख्खे रोप उभे राहिले, म्हणूनच तो बियाण्यात उतरला.

कालव्याच्या पाण्यावर ऊस घेऊन घेऊन आमची कितीतरी राने क्षारपड झाली. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, पेरलेले उगवत नाही. बारामतीजवळ माळेगावला अशा क्षार-दुष्काळासारख्या अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. तेव्हा माझा आग्रह आहे, दुपारच्या सत्रात भाताआधी ज्वारी घ्या. आमची मालदांडी काचपात्रातून खात्रीने उभी कशी राहील, यावर बोला. सुरक्षिततेच्या सगळ्या तपासण्या आणि परवानग्या पूर्ण करून रोपे आणा. चाचणीसाठी क्षारपड रान आम्ही देऊ.