कोळसा उगाळावा तितका
(चित्रं काढणाऱ्या पोरापोरींच्या शिबिरात केलेलं भाषण)



डबा विस्तवातून काढून ठेवलाय. थंड होईपर्यंत बोलतो.

आपल्याकडे म्हण आहे, कोळसा उगाळावा तितका काळाच. ज्यानं ही म्हण केली त्यानं कोळसा कधी उगाळला नसणार, पैज लावा. मी उगाळलाय. कागदावर कांडी ओढा, वर बोट फिरवा. काळा राहतच नाही, करडा होतो. आणखी घासा, धुरासारखा होतो. फडकं मारा, जवळजवळ निघूनच जातो. लाकडी कोळसा कागदाला चिकटत नाही, नुसता बसतो. त्याची सगळी गंमत नि सगळा त्रास यातच आहे.

माझा बाप कोळशाच्या वखारीत पाट्या उचलायचा. दगडी कोळशानं चित्र निघत नाही, कागदावर ओरखडे पडतात. लाकडीच पाहिजे. बाप रात्री यायचा तेव्हा खिशात चार तुकडे असायचे, माझ्यासाठी. मी जिन्याखालच्या भिंतीवर काढायचो. सहावीत कागदावर बैल काढला. चित्रकलेच्या सरांनी तो कागद दोन बोटांत धरून वर्गाला दाखवला. म्हणाले, ''बघा, घरचं वळण.'' कडेला माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता ना! बैल बरा होता. बैलाबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही.

ते जाऊ दे. रडगाणं गायला आलो नाही, काम सांगतो.

काड्या चिंचेच्या घ्या, करंगळीहून बारीक. साल काढा. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठासून भरा, झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडा, डबा विस्तवात सारा. भोकातून धूर येईल. धूर थांबला की डबा बाहेर. पण उघडायचा नाही! घाई केली, गरम कोळशाला हवा लागली, की हातात राख. आंध्रात श्रीकाळहस्तीचे कलमकारीवाले कापडावर पहिली रेघ अशाच चिंचेच्या कोळशानं मारतात. तेव्हा हे काही गरिबाचं उसनं साधन नाही.

कागद गुळगुळीत नको, खरखरीत पाहिजे. वाण्याचा खाकी कागद चालतो. रबराऐवजी पावाचा आतला मऊ भाग घ्या, दाबून गोळी करा. आधी अख्खा कागद काळा करा नि मग पावानं उजेड उचला. कपाळ, गालाचं हाड, नाकाचा शेंडा. पेन्सिलवाला सावली घालत जातो, आपण उजेड काढत जायचं. सवय व्हायला वेळ लागतो. हात कागदाला टेकवू नका, खांद्यातून हलवा. उजव्या हातानं काढत असाल तर डावीकडून सुरू करा, नाहीतर तुमचीच मूठ तुमचं चित्र पुसते.

आणि फुंकर मारू नका. भुकटी साचली की कागद उभा धरून मागून टिचकी मारा. फुंकलेली भुकटी परत नाकातच येते. माझा बाप खोकत खोकत गेला. हे मी उगाच सांगत नाही.

शेवटी चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ विरघळवून लांबून फवारायची, खिडकी उघडी ठेवून. नाहीतर घरी जाईपर्यंत चित्र शर्टावर.

१९४३ साली बंगालात दुष्काळ पडला. पडला कसला, पाडला. वीस ते तीस लाख माणसं मेली. झैनुल आबेदिन तेव्हा कलकत्त्यात होता. त्यानं कोळशापासून घरीच शाई केली नि सामान बांधायच्या स्वस्त कागदावर ब्रशनं रस्त्यावरची माणसं काढली. बरगड्या, रिकामी भांडी, शेजारी कावळे. भारी शाई परवडली असती तरी त्यानं ती घेतली नसती, असं मी म्हणणार नाही. हाताशी होतं ते घेतलं. माणसं मरत होती, थांबायला वेळ नव्हता.

दुसरी जर्मनीची केथे कोल्विट्झ. १९३३ सालचं तिचं एक कोळशाचं चित्र आहे. स्वतःच, बाजूनं, चित्र काढत बसलेली. चेहरा नीट काढलाय, कांडी धरलेला पंजा नीट काढलाय. मधला हात मात्र काढलेलाच नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत कोळसा नुसता वेडावाकडा, जोरात ओढलाय. बाई साठी ओलांडलेली. त्याच वर्षी नाझींनी तिला प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडायला लावलं. छापील का होईना, ते चित्र मिळवा. त्या ओढीकडे बघा.

ही भाषणं मी आमच्या समाजमंदिरातल्या रविवारच्या वर्गात ठोकायचो. हात काळे करा, लाज सोडा, वगैरे. एका पोरीची आई आली. म्हणाली, ''दादा, माझ्या सासूची नखं मरेपर्यंत काळी होती. मी दुसऱ्यांची भांडी घासते ते हिचे हात गोरेगोमटे राहावेत म्हणून. तुम्ही हिला परत कोळशात घालता? आणि फ्रॉक कोण धुणार, तुम्ही?''

काय बोलणार? मला कोल्विट्झ आठवली, पण ती त्या बाईपुढे काय कामाची? मी म्हणालो, ताई, चुकलं. पोरीला पेन्सिल दिली. ती चार रविवार पेन्सिलनं काढत बसली, कोपऱ्यात, एकटीच स्वच्छ. पाचव्या रविवारी बापाचा जुना शर्ट उलटा घालून आली, बटणं पाठीला. आईनंच लावून दिली होती. तेव्हापासून वर्गाच्या वर्गणीत पहिला खर्च साबणाचा असतो, कागदाचा नंतर.

तिथं नळाजवळ वडी ठेवलीय. जुने शर्टही आणलेत, ज्यांना हवेत त्यांनी घ्या. नको असेल त्यांना पेन्सिली आहेत, कुणी कुणाला चिडवायचं नाही.

डबा थंड झालाय वाटतं. जरा हात लावून बघा रे कुणीतरी.